पांढऱ्या डेडनेटलची फुलं: कधी तोडायची, कशी वाळवायची, कशाला वापरायची

प्रश्न असा आला आहे: "जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. घरामागच्या कुंपणालगत ब्रेनेसेलसारख्या (म्हणजे हात लावताच झोंबणाऱ्या नेटलसारख्या) पानांची पण न झोंबणारी, पांढऱ्या फुलांची झाडं माजली आहेत. शेजारच्या आजी तिला टाउबनेसेल म्हणतात आणि फुलांचा चहा करतात. ही फुलं खाता येतात का? आम्ही वाळवून पाहिली, तर दोन दिवसांत तपकिरी झाली. आणि हा आपल्याकडचा तुंबाच आहे का?"

आधी थोडक्यात. फुलं खाता येतात. तपकिरी झाली ती वाळायला वेळ लागला म्हणून. आणि हा तुंबा नव्हे, पण तुंब्याचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. आता एकेक नीट बघू.

इंग्रजीत ती डेडनेटल, म्हणजे डंख मेलेली. जर्मनमध्ये टाउब म्हणजे बधिर, म्हणून टाउबनेसेल. शास्त्रीय नाव लॅमियम आल्बम. पानं ब्रेनेसेलच्या पानांसारखी असली तरी दोघींचं नातं काही नाही. ही तुळस-पुदिन्याच्या कुळातली आहे. चुरगळलेल्या पानाला मात्र पुदिन्याचा सुगंध नसतो, जरा कुबट, ओल्या मातीसारखा वास येतो. त्या वासाने बिचकू नका.

ओळखताना "हात लावला, झोंबलं नाही" एवढ्यावर भागवू नका. दोन्ही झाडांना खताळ, नत्रयुक्त माती लागते, त्यामुळे कुंपणाच्या कडेला, गोठ्यामागे, शेणखताच्या ढिगाजवळ ती एकमेकींत मिसळून वाढतात आणि चौथ्या-पाचव्या फुलाला हात ब्रेनेसेलवर पडतो. फूल बघून ठरवा. ब्रेनेसेलची फुलं हिरवट, लोंबत्या सुतळीसारखी असतात. टाउबनेसेलची पांढरी फुलं पानांच्या बगलेत, दांड्याभोवती कडं केल्यासारखी बसतात. दांडा चौकोनी आणि पोकळ असतो, नखाने दाबला की चेपतो. पानं समोरासमोर, एक जोडी उभी तर पुढची आडवी. उंची साधारण २० ते ६० सेंटिमीटर.

एक फूल तोडून हातात घ्या. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. वरची पाकळी टोपीसारखी पुढे वाकलेली आणि काठाला बारीक लव असलेली. त्या टोपीच्या आत, छताला चिकटून, चार पुंकेसर बसलेले असतात आणि त्यांची टोकं काळपट असतात. पांढऱ्यात ते काळे ठिपके उठून दिसतात. तीच हिची सगळ्यात सोपी खूण. खालचा ओठ मधोमध दुभंगलेला. मागे नळी वाकडी होत हिरव्या वाटीत जाते, आणि त्या वाटीला पाच टोकदार दात. फूल ओढलंत की नळी सुटून येते, पुंकेसरही तिच्याबरोबर येतात, कारण ते नळीलाच चिकटलेले असतात. मागे वाटीत राहतो तो दोन टोकांचा बारीक धागा, आणि त्याच्या बुडाशी चार फोडींचा बीजकोश. त्यामुळे परागीभवन होऊन गेलेलं फूल ओढलं तरी बी धरायचं थांबत नाही. नुकतंच उमललेलं तोडलं तर मात्र ते बी जातं, म्हणून एका कड्यातली सगळी फुलं कधी काढू नयेत.

नळीच्या बुडाशी मध असतो आणि त्याच्या जरा वर आतून केसांचं कडं असतं. बारीक किड्यांना अडवायची ती चाळणी. लांब जिभेच्या भुंग्यांना तो मध समोरून पोचतो. आखूड जिभेचे भुंगे सरळ नळीला बाहेरून भोक पाडतात आणि मग मधमाश्याही त्याच चोरवाटेने येतात. तोडलेल्या फुलाच्या नळीला बुडाशी तपकिरी कडेचं भोक दिसलं तर ते फूल लुटलेलं समजा. चोखायला किंवा साखरेत घालायला त्यात गोडवा उरलेला नसतो, वाळवायला चालेल. युरोपात पोरं ही फुलं ओढून मागच्या टोकाने चोखतात. तुमच्या पोरांनाही चोखू द्या, फक्त ओळख पटल्यावर आणि कुत्री फिरवायच्या वाटेवरची सोडून.

शेजारी आणखी बहिणी दिसतील. जांभळट-गुलाबी, बुटकी, मार्चपासूनच फुलणारी ती लाल टाउबनेसेल. तिची फुलं निम्म्या आकाराची असतात आणि सॅलडवर भुरभुरायला छान. पिवळ्या फुलांची आणि पानांवर चंदेरी पट्टे असलेली बागेतून पळालेली जात जंगलात फार पसरते. तिचे छाटलेले तुकडे रानात टाकू नका. यातलं काही विषारी नाही. पण औषधी म्हणून ज्या फुलांची नोंद आहे ती पांढरीचीच, बाकीच्यांना तेच गुण चिकटवू नयेत.

आता तोडणी. हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून मेमध्ये जोरात, मग कमीजास्त प्रमाणात थेट शरद ऋतूपर्यंत. वाळवणीसाठी मे महिना उत्तम. दव सुकल्यावर, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, आदल्या दिवशी पाऊस नसताना जा. पावसानंतर मध धुतला गेलेला असतो आणि नळीत अडकलेलं पाणी वाळवणीत घात करतं. दोन बोटांत टोपी न दाबता नळीचा मध्य धरायचा आणि वर, थोडं बाहेरच्या बाजूला ओढायचं. ताजं फूल हलका विरोध करून सुटतं. हात लावताच गळून पडणारं फूल जुनं. त्याचं बूड पिवळट दिसतं आणि वाळल्यावर तेच आधी काळं पडतं. हिरवी वाटी सोबत आली तर ती खुडून टाका: एक तर कडवट, दुसरं म्हणजे जाड असल्याने ती ओली राहते आणि शेजारची फुलं खराब करते.

गोळा करायला उथळ टोपली किंवा कापड लावलेलं सूप घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत फुलं घामेजतात आणि घरी पोचेपर्यंत पाकळ्यांवर चट्टे दिसायला लागतात. तुमच्या वाळवणीतही बहुतेक हेच झालं असावं. कापलेलं वांगं काळं पडतं त्यातलाच हा प्रकार: पेशी चुरडल्या की आतली द्रव्यं आणि हवा यांची गाठ पडते आणि रंग बदलतो. पाणी जितका वेळ टिकेल तितकं हे चालू राहतं. म्हणून या फुलांच्या बाबतीत दोनच गोष्टी महत्त्वाच्या: न चुरडणं आणि लवकर वाळवणं.

धुऊ नका. पांढऱ्या कापडावर सावलीत अर्धा तास पसरून ठेवा, बारीक किडे आपण होऊन बाहेर पडतात. मग कागदावर किंवा जाळीवर एकेरी थर द्या, फूल फुलाला टेकू न देता. गरम, कोरडी, वारा खेळणारी सावलीची खोली असेल तर एक-दोन दिवसांत वाळतात. जर्मनीतला मे महिना दमट निघाला तर खोलीवर विसंबू नका. फळं वाळवायचं यंत्र असेल तर ३५ ते ४० अंश सेल्सिअसवर ठेवा, ओव्हनमध्ये वाळवायची तर सर्वांत कमी तापमान ठेवून दारात लाकडी चमचा अडकवा. ४० अंशांच्या वर गेलात तर फुलं पिवळी पडतात आणि मधासारखा जो मंद वास असतो तो उडतो. कडक ऊनही नको. अधूनमधून उलथापालथ करायचा मोह होतो, पण जितके हात लागतील तितके डाग वाढतात. जाळी हलकेच थोपटली तरी पुरे.

वाळलं की नाही हे पाकळीवरून ठरवू नका, ती तासाभरात कागद होते. ओल राहते ती नळीच्या बुडाशी. तिथे चिमटीत दाबा: चुरचुरून मोडलं तर वाळलं, चामड्यासारखं वाकलं तर अजून वेळ आहे. चांगला माल पिवळसर पांढरा असतो, घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवायचा. ही फुलं हवेतली ओल पटकन ओढतात, म्हणून चहाच्या डब्यासारखा हा डबा रोज उघडायचा नाही. आठवड्यापुरती फुलं छोट्या डबीत काढून ठेवा. वर्षभरात संपवा. तपकिरी झालेली फुलं विषारी होत नाहीत, पण ती वापरण्यात अर्थ नाही. आणि बुरशीचा वास आला तर सरळ टाका.

एक हिशेब आधीच डोक्यात ठेवा. फुलाचं बहुतेक वजन पाण्याचं असतं. टोपलीभर तोडलेली फुलं वाळल्यावर बरणीच्या तळाला जाऊन बसतात. जर्मन औषधी दुकानांत ही फुलं महाग का, याचं कारण एवढंच: एकेक फूल हाताने ओढावं लागतं. विकत घेताना पाकिटावर 'ब्ल्यूटेन' लिहिलंय की 'क्राउट' ते बघा. ब्ल्यूटेन म्हणजे नुसती फुलं, क्राउट म्हणजे दांडा-पानांसकट सगळं झाड. क्राउट स्वस्त असतं, पण पुढे दिलेली प्रमाणं त्याला लागू होत नाहीत.

औषध म्हणून काय? फुलांत बुळबुळीत चिकट द्रव्य आणि टॅनिन असतं. पहिलं घशाला लेप देतं, दुसरं तुरट, म्हणजे सुजलेली त्वचा किंचित आकसवणारं. पश्चिम जर्मनीत १९७८ मध्ये वनौषधी तपासायला नेमलेल्या 'कमिशन ई' या तज्ज्ञ समितीने या फुलांना वरच्या श्वसनमार्गाची सर्दी, तोंड-घशाची सौम्य जळजळ, विशिष्ट संसर्ग नसलेलं अंगावरून पांढरं जाणं आणि बाहेरून लावायला त्वचेची वरवरची सौम्य जळजळ, एवढ्यासाठी मान्यता दिली. पोटात घ्यायचं प्रमाण दिवसाला ३ ग्रॅम वाळलेली फुलं, कटिस्नानाला ५ ग्रॅम. ही मान्यता मुख्यतः परंपरागत वापरावर उभी आहे, मोठ्या चाचण्यांवर नाही. तेव्हा अपेक्षा आल्याच्या काढ्याएवढीच ठेवावी.

चहासाठी एक ग्रॅम फुलं, दीडशे मिलिलिटर नुकतंच उकळलेलं पाणी, झाकण ठेवून पाच ते दहा मिनिटं, मग गाळून घ्या. असा कप दिवसातून तीनदा, की ३ ग्रॅम झाले. एक ग्रॅम म्हणजे किती हे चमच्याने कळत नाही. फुलं इतकी हलकी आणि फुगीर असतात की शीग लावलेल्या चमच्यातही अंदाज चुकतो. पहिल्यांदा छोट्या काट्यावर तोलून बघा आणि तुमच्या चमच्याचं माप ठरवून टाका. आपला चहा उकळतो तसं पातेल्यात उकळू नका, तुरटपणा वाढतो आणि मंद वास जातो. चव साधी, किंचित गोडसर, जिभेवर बुळबुळीत. आपल्या चहाची सवय असणाऱ्याला "यात काय आहे?" असंच वाटेल. गुळण्यांना हाच चहा कोमट करून वापरावा.

पांढऱ्या जाण्याबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पांढरं फूल म्हणून पांढऱ्या तक्रारीवर, असा रंगावरून जुळवलेला विचार युरोपातही होता आणि हे फूल त्या यादीत फार वर होतं. पण पांढरं जाण्यामागे बुरशी असू शकते, जिवाणू असू शकतात, लैंगिक संसर्गही असू शकतो. वास, खाज, रंगात बदल, ओटीपोटात दुखणं, ताप, यातलं काही असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. कटिस्नान म्हणजे टबातल्या कोमट पाण्यात बसणं. या पाण्याने आतून धुणं हा त्याचा अर्थ नाही, आणि ते करू नये.

स्वयंपाकघरात या फुलांची खरी मजा आहे. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतिज्ञाने १५९७ सालीच लिहून ठेवलं आहे की ही पांढरी फुलं गुलाबासारखी साखरेत करतात. म्हणजे गुलकंदच की! आपल्या पद्धतीने करायचा तर ५० ग्रॅम ताजी फुलं घ्या. ती तासभर सावलीत कोमेजू द्या म्हणजे वरची ओल जाईल, मग १०० ग्रॅम बारीक कुटलेल्या खडीसाखरेत थोडी थोडी घालून खलबत्त्यात हलकं चेचा. कोरड्या बरणीत पाऊण भाग भरा. आपल्याकडे गुलकंद उन्हात मुरतो. तिथलं ऊन त्या भरवशाचं नाही, म्हणून चार-पाच दिवस रोज ढवळत सरळ फ्रिजमध्ये मुरवा. हे फूल गुलाबापेक्षा पाणीदार आहे, त्यामुळे साखर दुपटीच्या खाली नेलीत तर बुडबुडे येतात आणि आंबूस वास सुटतो. तसं झालं तर वाचवायच्या फंदात पडू नका. रंग फिकट तपकिरी होणारच, तो दोष नाही. महिनाभरात संपवा.

सरबतासाठी अर्धा लिटर पाणी आणि अर्धा किलो साखर उकळून पाक कोमट होऊ द्या, मग त्यात ५० ग्रॅम फुलं आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. झाकून एक दिवस फ्रिजमध्ये, मग गाळून एक उकळी आणि गरम पाण्यात उकळलेल्या बाटलीत भरायचं. फुलं उकळत्या पाकात टाकलीत तर उकडलेल्या भाजीचा वास येतो. लिंबू सढळ हाताने पिळलंत तर फक्त लिंबू सरबत होतं, कारण या फुलाचा स्वाद मुळातच नाजूक आहे. एल्डरफ्लॉवरच्या, म्हणजे युरोपातल्या एका झुडपाच्या सुवासिक फुलांच्या, सरबताशी तुलना केली तर निराशा होईल.

केकवर लावायला साखरेत घोळवलेली फुलं करतात. तिथली पद्धत अंड्याच्या पांढऱ्याची. अंडं नको असेल तर एक चमचा बाभळीचा खायचा डिंक तीन चमचे गुलाबपाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, रंगाच्या बारीक ब्रशने फुलाला आतून-बाहेरून लावा, वर बारीक साखर भुरभुरा. टोपीच्या आत ब्रश पोचला पाहिजे. तिथेच कोरडं राहिलं की दोन दिवसांत तपकिरी डाग दिसतो.

आणि भजी! फुलांसकट शेंड्याचे आठ-दहा सेंटिमीटरचे तुरे खुडा (हे धुऊन, झटकून कोरडे करा), डाळीच्या पातळ पिठात बुडवून मध्यम आचेवर तळा. पानांचा कुबट वास तळल्यावर राहत नाही. पिठात ओवा घातलात तर उत्तम.

कुठून तोडायचं हेही पाहा. रहदारीचा रस्ता, रेल्वेचा रूळ, फवारलेल्या शेताचा बांध आणि कुत्र्यांच्या वाटा टाळा. जर्मन निसर्गसंरक्षण कायद्यात घरगुती वापरासाठी हातात मावेल एवढ्या जुडीची मुभा आहे. संरक्षित क्षेत्रात तीही नाही. तुमच्या कुंपणाच्या आतलं झाड असेल तर प्रश्नच मिटला.

आता तुंबा. ज्याला कुंभा किंवा द्रोणपुष्पी म्हणतात ती ल्युकस ही निराळी जात, पण कुळ एकच. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, दांड्याभोवती कड्यात बसलेली पांढरी ओठाळ फुलं, हे सगळं सारखं. फरक असा की तुंब्याचं फूल लहान, त्याची वरची पाकळी दाट पांढऱ्या लवेची आणि छोटी, तर खालचा ओठ तिच्यापेक्षा बराच मोठा, पसरट. हिरव्या वाटीला पाच नाही, आठ-दहा बारीक दात असतात. तुंब्याचे घरगुती उपाय टाउबनेसेलवर लादू नका आणि उलटही नको, आतली द्रव्यं एक नाहीत. महाराष्ट्रात टाउबनेसेल रानात उगवत नाही, काश्मीरच्या डोंगरात मात्र हीच जात सापडते. त्यामुळे कोणी इथे पुण्याकडे "ही बघा डेडनेटल" म्हणून दाखवली तर आधी तुंबा आहे का ते पाहायचं.

तुमच्या कुंपणापुरती शेवटची युक्ती. पहिला बहर ओसरला की जूनच्या अखेरीस झाडं जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर कापून टाका, पण सगळी एकदम नको. निम्मी भुंग्यांसाठी उभी राहू द्या. कापलेल्यांना जमिनीखालच्या आडव्या खोडातून नवे कोंब येतात आणि उन्हाळा सरता सरता पुन्हा ताजी फुलं मिळतात. जागा वाढवायची असेल तर त्याच खोडाचे डोळा असलेले बोटभर तुकडे शरद ऋतूत दोन बोटं खोल, अर्धसावलीत लावा. कुंडीत लावलेले बरे, वाफ्यात मोकळे सोडले तर दोन वर्षांत टोमॅटोची जागा खातील.